नेट चालू आहे, पान उघडत नाय

८ सप्टेंबर, सोमवार

उघडत नाय! दीड वाजल्यापासून पावणेतीनपर्यंत बसले. कॉम्प्युटर चालू. वायफायच्या डबड्यावरचे दिवे हिरवे. फोनवर व्हॉट्सॲप पळतंय, टीव्हीवर मालिका पळतीय – आणि ब्राऊझर उघडला की पांढरं पान. मधे रडक्या तोंडाचा एक कागद काढलेला, खाली इंग्रजीत दोन-तीन ओळी. बंद केला, उघडला. तेच. दुसरा एक ब्राऊझर आहे, निळा. त्याच्यात पण तेच!

मागच्या महिन्यात तर चांगलं उघडत होतं. फॉर्मचं पहिलं पान भरून झालं होतं माझं.

तीनला हे येतात. पावणेतीनला सगळं बंद केलं, भिंतीवरचं मेन बटन पण, आणि वरून कापड टाकलं.

शेवटची तारीख तीस सप्टेंबर.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज पण तेच. कॉम्प्युटर काय ऐकत नाय, म्हणून वहीतच लिहिते.

वही विशाखा मॅडमनी दिलीय. म्हणाल्या, मनकर्णाबाई, रोज अर्धं पान लिहायचं. काही पण लिहा, भाजीचा भाव लिहा, पण लिहा. पेपरात निबंध येतो, हात वळला पाहिजे. मॅडमच्या बालवाडीत मी अकरा वर्षं मदतनीस. नाकं पुसायची, डबे उघडून द्यायचे, रडणारं पोरगं कडेवर घेऊन फिरायचं. गाणी सगळी मला पाठ. पोरं मलाच ताई म्हणतात, पण कागदावर मदतनीस ती मदतनीसच. जूनमधे मॅडम म्हणाल्या, छोट्या गटाची ताई पुढच्या वर्षी सोडून चाललीय. ती जागा तुम्हाला देते. पण मला दहावीचा कागद लागंल. नायतर बाहेरची कुणी तरी घ्यावी लागंल मला.

दहावीचा कागद! माझी आठवी पास. नववीचा वर्ग दुसऱ्या गावाला होता, माझे वडील, आण्णा, म्हणाले आता बास. वय सत्तेचाळीस. मॅडम म्हणाल्या, वयाला काय धाड भरलीय? सतरा नंबरचा फॉर्म भरायचा आणि बाहेरून बसायचं. फक्त फॉर्म तुमचा तुम्ही भरायचा, दुसऱ्याकडून नाय. जिला फॉर्म भरता येत नाय ती पेपर काय लिहिणार?

मला राग आला होता तेव्हा. पण खरं आहे त्यांचं.

वैजापूरला जाऊन शाळेचा दाखला पण काढून आणला ऑगस्टमधे. घरी सांगितलं, मावशी आजारी आहे. मावशी ठणठणीत आहे बिचारी.

१० सप्टेंबर, बुधवार

ह्यांना सांगितलेलं नाय. सांगणार पण नाय, निकाल लागेपर्यंत.

हे दहावी पास. अठ्ठावन्न टक्के. सत्तावीस वर्षं झाली लग्नाला, सत्तावीस वर्षं ते अठ्ठावन्न टक्के ऐकतेय. दीपमालाला दहावीला त्र्याऐंशी पडले तेव्हा पेढा तोंडात घालताना पण – आमच्या वेळचे अठ्ठावन्न म्हणजे आत्ताचे पंच्याऐंशी! पोरगी हसली, मी पण हसले.

पण दीपमाला सातवीत असताना मी एकदा म्हणाले होते, मला पण बसावंसं वाटतं परीक्षेला. तर हसले. वाईट हसले असं नाय. पण हसले. "दहावी म्हणजे खायचं काम नाय, दीपूची मम्मी." बोलून विसरून गेले. मी नाय विसरले. पास झाले तर कागद ताटात वाढीन ह्यांच्या, भाकरीच्या शेजारी. नापास झाले तर माझं मला माहीत.

म्हणून कोपऱ्यावरच्या नेट कॅफेत जाता येत नाय. तो आकाशचा. आकाश रोज ह्यांच्याबरोबर चहा पितो. दुपारी फॉर्म भरला तर संध्याकाळच्या आत अख्ख्या मुकुंदवाडीला कळंल. आणि तिथं आपल्याला हात कोण लावू देतंय? तोच पटापट भरून मोकळा होतो.

११ सप्टेंबर, गुरुवार

नेटवाल्याला फोन केला. बालवाडीतून पळत आले, तर तो दारात उभा. आत आला, स्वतःचा मोबाईल काढला, डबड्याजवळ धरला. "शंभरचं स्पीड येतंय बघा मावशी. एकदम झकास चालू आहे."

मी म्हटलं, अरे पण पान उघडत नाय ना कॉम्प्युटरवर.

"मग कॉम्प्युटरचा प्रॉब्लेम. ते आमच्याकडं येत नाय."

म्हटलं, एकदा बघ तरी. "मावशी, अजून सहा तकरारी आहेत मला." गेला. चप्पल पण नीट घातली नाय, एवढी घाई! मी डबडं बंद केलं, दहा आकडे मोजले, चालू केलं. दिवे लागले. पांढरं पान.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

दुपारभर लाईट नव्हती. अठरा दिवस राहिले.

१४ सप्टेंबर, रविवार

हे दिवसभर घरी. ह्यांचं डोकं पण ठिकाणावर नाय सध्या. शेंद्र्याला कंपनीत नवीन साहेब आलाय, तो सगळ्या जुन्या लोकांचे कागद परत मागतोय. हे स्टोअर सांभाळतात, वीस वर्षं झाली, आता कसले कागद? ह्यांची मार्कशीट घर बदलताना हरवली. मी म्हटलं, मग बोर्डातून दुसरी काढा की. तर एकदम अंगावर आले – "तुला काय कळतंय त्यातलं?" बरं बाबा. नाय कळत.

ते बाहेर गेल्यावर दीपमालाला पुण्याला फोन लावला. तिच्या कॉलेजच्या वेळचाच हा कॉम्प्युटर. तिला पण खोटंच सांगितलं – मला रेसिपी बघायच्यात.

"काय लिहून येतंय, मम्मी?"

"इंग्रजीत काय तरी येतंय. नेट नाय असं."

"नीट वाच ना."

"अगं तेच. नेट नाय."

"बरं, फोटो काढून पाठव."

म्हटलं, कॅमेरा बिघडलाय. कारण वर पट्टीत त्या फॉर्मच्या पानाचं नाव दिसतं, दीपमालाला लगेच कळलं असतं. आणि तिच्या पोटात काय राहत नाय, लगेच पप्पांना फोन.

"मग हिस्टरी आणि कॅश साफ कर, मम्मी. उद्या सांगते कसं."

खरं सांगायचं तर त्या ओळी मी वाचल्याच नव्हत्या. इंग्रजी दिसलं की माझी नजर आपोआप घसरते. बँकेत, दवाखान्यात, सगळीकडं तसंच. कुणी विचारलं तर म्हणायचं, इंग्रजीत काय तरी आहे. सवय!

१५ सप्टेंबर, सोमवार

ह्यांची सेकंड शिफ्ट चालू झाली. सकाळी घरी, एकला जातात, रात्री येतात. मला आता दोनपासून मोकळीक.

दीपमालानं जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, मी केलं. तीन ठिपक्यांवर दाबायचं, मग हिस्टरी, मग सगळ्या वेळचं, मग साफ. साफ झालं. पान काय उघडलं नाय. घरातला कचरा काढल्यासारखं वाटलं तेवढंच.

१६ सप्टेंबर, मंगळवार

दीपमाला म्हणाली, खाली कोपऱ्यात तारीख बघ. बघितली. १ जानेवारी २०१९! मी म्हटलं, हे काय गं? म्हणाली, आतला सेल गेलाय, घड्याळात असतो तसला. मेन बटन बंद केलं की कॉम्प्युटर दिवस-वार विसरतो. आणि तारीख चुकली की साईट उघडत नायत, बरोबर आहे, तेच असणार!

मला एवढा आनंद झाला! तारीख नीट केली, वेळ नीट केली, फोन तसाच कानाला धरून ब्राऊझर उघडला.

पांढरं पान.

दीपमाला म्हणाली, मम्मी, रेसिपी फोनवर बघ ना. कशाला जिवाला त्रास?

१७ सप्टेंबर, बुधवार

मुक्तिदिनाचं झेंडावंदन. पोरांना तिरंगी फुगे वाटले. मॅडमनी विचारलं, फॉर्म कुठवर आला? म्हटलं, चालू आहे. ही तिसरी थाप. चौथी?

१८ सप्टेंबर, गुरुवार

एक गंमत. कापड काढलं तर माऊस डावीकडं. मी उजवीकडं ठेवते. डावखुरे घरात एकटे हेच. पण ह्यांना कॉम्प्युटरचा नाद कधीच नव्हता – मला त्यातलं कळत नाय, असं स्वतःच म्हणतात. पुसताना सरकवला असंल. पण हे पुसतात कधी?

१९ सप्टेंबर, शुक्रवार

काल मी मेन बटन बंद करून झोपले होते. आज दोन वाजता चालू केलं तर तारीख बरोबर. १९ सप्टेंबर २०२५. मी तर हात लावला नव्हता!

सेल आपला आपला बरा झाला का काय?

पान मात्र उघडत नाय. अँटिव्हायरस बंद करून बघितला, दीपमालानंच सांगितलं होतं. तरी नाय. अकरा दिवस. आज बसल्या बसल्या रडू आलं. कॉम्प्युटरसमोर रडायला काय अर्थ आहे? पण आलं. आठवीत पहिला नंबर होता माझा. गुरुजी घरी आले होते सांगायला, पोरीला पुढं शिकवा. आण्णांनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. आता आण्णा नायत, गुरुजी नायत, आणि हे डबडं मला आत घेत नाय.

२२ सप्टेंबर, सोमवार

ह्यांनी केस काळे केले! आयुष्यात पहिल्यांदा. मुकुंदवाडी स्टेशनजवळच्या न्हाव्याकडं जाऊन. म्हटलं, हे काय? म्हणाले, "पांढरे लई दिसायला लागले होते." कुणाला दिसायला लागले होते?

पहिली शिफ्ट चालू. मला परत दीड ते तीनच.

२४ सप्टेंबर, बुधवार

मॅडमला शेवटी खरं सांगितलं. म्हटलं, पंधरा-सोळा दिवस झाले, ब्राऊझर उघडत नाय, सगळं करून बघितलं. तुम्हीच भरा माझा फॉर्म, मी हात टेकले.

मॅडम पोरांच्या चित्रांना तारे देत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पान काय म्हणतंय?"

"इंग्रजीत काय तरी."

"मनकर्णाबाई, तुम्हाला इंग्रजीचा पेपर पण आहे."

एवढंच. मला असं वाटलं की कुणी तरी तोंडावर पाणी मारलं. घरी आले. न जेवता कॉम्प्युटरपुढं बसले आणि ही वही काढली. एकेक अक्षर बघायचं, उतरवायचं. पोरं पहिल्यांदा अ काढतात तसं. सव्वादोन वाजले तेव्हा दोन ओळी उतरल्या. मग दीपमालाचा शाळेतला शब्दकोश काढला माळ्यावरून. समथिंग – काहीतरी. राँग – चुकीचं. हे मला येतच होतं की! सर्व्हर नीट नाय कळला, कोशात वाढपी असलं काय तरी दिलंय. मग प्रॉक्सी. प्रॉक्सी – दुसऱ्याच्या वतीनं काम करणारा, मुखत्यार.

मुखत्यार शब्द मला पक्का माहीत. आण्णांच्या जमिनीच्या जुन्या कागदात होता. आपण जायचं नाय, आपल्या वतीनं दुसऱ्यानं जायचं.

म्हणजे माझ्या कॉम्प्युटरनं कुणाला तरी मुखत्यार नेमलंय. पान आणायला तो मुखत्यारालाच पाठवतो, स्वतः जात नाय. आणि मुखत्यार गेलाय पळून! मग पान आणणार कोण?

पहिल्या दिवसापासून हे समोर लिहिलेलं होतं. पहिल्या दिवसापासून! मी डबडं बंद कर, चालू कर, तारीख कर, कचरा काढ – आणि वाचायचं तेवढं सोडून दिलं. कपाळावर हात मारून घेतला.

२५ सप्टेंबर, गुरुवार

उघडलं! उघडलं! उघडलं!

दीपमालाला वाचून दाखवलं, अक्षर अक्षर. ती किंचाळलीच – "अगं मम्मी, हे पहिल्याच दिवशी का नाय सांगितलंस?" मग सेटिंग, मग नेटवर्क, मग प्रॉक्सी. तिथं एक बटन चालू होतं, ते बंद करायचं. बस! एक बटन! सतरा दिवस!

फॉर्मचं पान आलं. परत पहिल्यापासून, माझं नाव विचारत होतं. मी स्क्रीनला हात लावला.

मग दीपमाला म्हणाली, "पण हे चालू कुणी केलं? आपोआप होत नाय. कुणी तरी व्हीपीएन टाकून काढलेलं दिसतंय. ते काढलं तरी त्याचं प्रॉक्सी मागं राहतं."

"ते काय असतं?"

"आपण काय बघतो ते कुणाला कळू नये म्हणून टाकतात. पप्पांनी टाकलं की काय?" आणि हसली. मग हसायची थांबली. म्हणाली, "ठेवते मम्मी, साहेब बोलावतायत."

२६ सप्टेंबर, शुक्रवार

रात्रभर डोळ्याला डोळा नाय. माऊस डावीकडं. तारीख बरोबर. सेकंड शिफ्टला सकाळी मी बालवाडीत, हे घरी एकटे. केस काळे. आणि काय बघतात ते कुणाला कळू नये!

आज धुवायला पँट घेतली, खिसे बघितले. रोज बघते, पैसे राहतात म्हणून. आज तेवढ्यासाठी नाय बघितले, खरं लिहायला काय लाजायचं? स्टुडिओचं पाकीट निघालं. आत पासपोर्ट साईजचे फोटो, काळ्या केसांचे, टाय लावलेले. टाय! ह्यांनी लग्नात टाय लावला नव्हता. पाकिटावर लिहिलंय आठ प्रती. आत होते सहा. दोन कुणाला दिले?

पन्नाशी उलटल्यावर फोटो कुणाला देतो माणूस? बायोडाटा करतोय का? अंगाचा तिळपापड झाला माझ्या. पाकीट होतं तसं टेबलावर ठेवलं, समोर दिसंल असं. संध्याकाळी बघितलं तर गायब. मी काय विचारलं नाय.

विचारू कशी? मी म्हणणार, तुम्ही कॉम्प्युटरवर काय करता? ते म्हणणार, तू काय करतेस? मग?

२७ सप्टेंबर, शनिवार

दाखल्याचा फोटो चढत नाय. फाईल मोठी आहे म्हणतं. आज वाचलं – लगेच वाचलं! – आणि कळलं. लहान कशी करायची ते शोधून काढलं आणि केली. एक तास गेला, पण केली कुणाला न विचारता.

फॉर्म नेऊन द्यायची शाळा निवडायची होती. मुद्दाम लांबची निवडली, गारखेड्याच्या पुढची. ओळखीचं कुणी भेटायला नको.

ह्यांच्या डब्यात कालचं वांगं भरलं. तिखट पण जास्त घातलं. डबा रिकामा आला.

२८ सप्टेंबर, रविवार

बोललो नाय दिवसभर. मी "जेवण झालंय" म्हणाले तेवढंच. ते "हं" म्हणाले.

दीपमालाचा फोन आला. "मम्मी, रेसिपी मिळाल्या का?" मिळाल्या, म्हटलं.

३० सप्टेंबर, मंगळवार

काल साईटवर गर्दी होती, गोल गोल फिरत बसलं. ह्यांची सेकंड शिफ्ट, त्यामुळं मला वेळ होता. आज दोनला बसले, चार दहाला शेवटचं बटन दाबलं. फिरलं, फिरलं, आणि हिरवी बरोबरची खूण आली. अर्ज क्रमांक आला. तो वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलाय, आणि हातावर पण लिहिला.

मनकर्णा बन्सी साळवे. शेवटची उत्तीर्ण इयत्ता – आठवी. स्वतःच्या हातानं टाईप केलं. लाज नाय वाटली.

कुणाला तरी सांगावंसं लई वाटलं. घरात कुणीच नव्हतं. आणि ज्याला सांगायचं तो माणूस कुणासाठी केस काळे करतोय देव जाणे. देवाचं नाव तरी कशाला घ्यायचं, आपल्यात देव नाय. स्टुडिओवालाच जाणे.

आज पण माऊस डावीकडं होता. खुर्ची गरम असती तरी आश्चर्य वाटलं नसतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

धम्मचक्र दिन. दोघं पांढरे कपडे घालून बुद्धलेणीला गेलो. दरवर्षी जातो, यंदा नाय म्हटलं तर शेजारचे विचारणार. हीऽ गर्दी! भन्तेजींच्या मागं पंचशील म्हणायला उभे राहिलो. चौथ्या शीलाला – खोटं बोलण्यापासून दूर राहीन – माझी जीभ अडखळली. मावशी आजारी, कॅमेरा बिघडला, रेसिपी बघायच्यात. सगळं एकदम तोंडाशी आलं. आणि शेजारी ह्यांचा आवाज! खणखणीत म्हणतात दरवर्षी, मागचे लोक वळून बघतात. आज चौथ्याला आवाजच आला नाय.

उतरताना पायरीवर थांबले. म्हणाले, "दीपूची मम्मी, माणसानं खोटं किती वर्षं ओढावं गं?"

आता बोलणार. आता सगळं बाहेर येणार, ती कोण, कुठली! मला ऐकायचं होतं आणि नव्हतं पण. मी म्हटलं, "काय बोलायचं ते घरी चलून बोला. इथं नको."

घरी आलो. चहा केला. दोन्ही कप भरून समोर ठेवले आणि बसले. त्यांनी एक घोट घेतला. मग म्हणाले, "साखर कमी आहे."

झालं. एवढंच बोलले. मी पण माणूस आहे, दगड नाय. सत्तावीस वर्षं! आजारपणात ह्यांनी माझे पाय चेपलेत, मी ह्यांच्या आईचं सगळं केलंय. असं वाटलं विचारावंच गचांडी धरून. पण माझ्या उशाखाली ही वही, आणि वहीत तो अर्ज क्रमांक. खोटारडी मी पण.

४ ऑक्टोबर, शनिवार

झेरॉक्स काढल्या. फॉर्म, दाखला, आधार, सगळं नवीन प्लॅस्टिकच्या फोल्डरमधे. मॅडमनी सोमवारची सुट्टी दिली. फोल्डर बघून म्हणाल्या, "कुणी भरला?" म्हटलं, "मी." मान हलवली फक्त, पण हसल्या. मॅडम हसतात ते वर्षातून दोनदा.

५ ऑक्टोबर, रविवार

रात्री जेवताना म्हणाले, "उद्या निळा शर्ट लागंल. इस्त्री करून दे."

पहिल्या शिफ्टला निळा शर्ट? कंपनीत तर राखाडी युनिफॉर्म. म्हटलं, कशाला? "साहेब येणार आहेत. फोटो आहे." फोटो! परत फोटो!

तो शर्ट मीच घेतला होता दीपमालाच्या साखरपुड्याला. पहाटे चारला उठून करून देईन. कॉलरवर अशी इस्त्री दाबीन की गळ्याला टोचली पाहिजे. जिच्यासाठी घालताय तिला पण कळू द्या, घरी बायको आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

बस बदलून अकराला शाळेत पोचले. सतरा नंबरवाल्यांची रांग वेगळी, व्हरांड्यात. माझ्यापुढं पाच जण. सगळ्यात पुढं, खिडकीपाशी, निळा शर्ट. कॉलर कडक, मीच केलेली. साडीच्या दुकानाच्या पिशवीतून एक जुना, घडीवर फाटलेला दाखला डाव्या हातानं बाहेर काढत होते, आणि त्याला जोडलेला तो टाय लावलेला फोटो.

आतला क्लार्क म्हणाला, "मोठ्यानं बोला काका, ऐकू येत नाय. शाळा कितवीत सोडली?"

"नववीत," हे म्हणाले.